दुसरा भोंगा

"पुन्हा नुसती डोलली!" जावईबापूंनी ट्रेमधल्या ज्योतीवर झाकण आपटलं. "आवाजाने कानठळ्या बसतात आणि ज्योत मजेत मान हलवतेय. दादा, दोष तुमच्या भोंग्यांत आहे."

भोंगेवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. सगळे त्याला भोंगेवालाच म्हणत. तीस वर्षं तो याच कारखान्यात स्पीकर बनवत होता, आणि त्याच्या भोंग्याला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. आता धाकट्या बहिणीचा नवरा, चार पुस्तकं वाचून आलेला, रोज उठून ठेवत होता.

"मीटर लावून दाखवला ना? दोन्ही सारखे आहेत."

"मग आग का विझत नाही?"

"डोकं तुमचं आहे त्यात. डोक्याला विचारा, जावईबापू."

यंत्रमानव दोघांच्या मधे उभा होता, कमरेएवढा, तीन चाकांवर. कपाळावर आग ओळखणारा डोळा, छातीत शेजारी शेजारी दोन भोंगे, पुढे जाड नळी. घरात काही पेटलं की त्याने धावत जायचं आणि पाण्याचा थेंबही न सांडता, नुसत्या आवाजाच्या धक्क्याने ज्योत विझवायची. कल्पना जावईबापूंची, जागा भावाबहिणीची निम्मी निम्मी. भोंगे मात्र भोंगेवाल्याच्या हातचे.

पहिल्या भोंग्याचं तारेचं वेटोळं त्याने नेहमीच्या जागी बसून गुंडाळलं होतं. दुसरा गुंडाळायच्या दिवशी भांडण पेटलं, कारण जावईबापूंनी यंत्रावर फक्त स्वतःच्या नावाची पट्टी ठोकली. ते थोबाड समोर नको म्हणून भोंगेवाल्याने खुर्ची उचलली, टेबलाच्या पलीकडे नेली आणि त्यांच्याकडे पाठ करून डाव्या हाताने तार गुंडाळायचा दांडा फिरवत बसला.

"दादा, लहान मुलासारखं काय रे हे?" बहीण म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याला सांग. मी काम करतोय."

शुक्रवारी एका कंपनीच्या बाई यंत्र बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर इथे यंत्रमानव बनणार आणि भोंगेवाल्याची टेबलं रस्त्यावर. नापास झालं तर जावईबापू गाशा गुंडाळणार, असं त्यांनी स्वतःच सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. नापास होणार हे तर दिसतच होतं. पण खापर फुटणार होतं भोंग्यांवर, आणि तीस वर्षांचं नाव मातीत जाणार होतं. त्या विचाराने भोंगेवाल्याला जेवण जात नव्हतं.

यंत्राच्या पोटातला तारांचा डबा जावईबापूंनी बंद करून झाकणावर सहीची चिठ्ठी चिकटवली होती. "तारांना कुणी हात लावायचा नाही. दादांनी तर मुळीच नाही."

चिठ्ठी वर होती. तळाला दोन स्क्रू होते.

गुरुवारी दुपारी नवराबायको स्पिरिट आणायला गेले. भोंगेवाल्याने यंत्र आडवं केलं, तळ उघडला. लाल तार लालला, काळी काळीला, सगळं अगदी सरळ. त्याने दुसऱ्या भोंग्याच्या तारांची अदलाबदल केली आणि स्क्रू बसवले. शेजारच्या दोन भोंग्यांत एकाची तार उलटी झाली, की एक हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. आवाज भरपूर, धक्का शून्य. पोरसवदा स्पीकरवालाही हे जाणतो, आणि कंपनीच्या बाई काही पोरसवदा नव्हत्या.

शुक्रवारी बाई आल्या. त्यांनी बूड टेकायच्या आत भोंगेवाला पुढे झाला.

"बाई, एक विनंती. यंत्र चालो न चालो, नंतर तो डबा उघडून बघाच. तारा कुणी जोडल्या ते वर सहीनिशी आहे."

"बघेन की."

जावईबापूंनी दात आवळले. बहिणीने ट्रे पेटवला.

यंत्रमानव घरघरत निघाला आणि तीन पावलांवर थांबला. खोल, पोटात जाणारा एकच आवाज झाला. ज्योत गेली. मग पडद्याचा तुकडा पेटवला, तोही गेला. जावईबापूंचा स्वतःचाच आ वासला होता.

"वा!" बाई म्हणाल्या. "आता तो डबा."

"राहू द्या हो," भोंगेवाला घाईने म्हणाला. "चाललं ना!"

बाईंनी चिठ्ठी फाडलीसुद्धा. आत बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी तारा सोडवल्या आणि बॅटरीचा सेल दोन्ही भोंग्यांना पाळीपाळीने टेकवला. पहिल्या भोंग्याचा आतला पडदा पुढे आला. दुसऱ्याचा मागे गेला.

"याचं वेटोळंच उलटं आहे," त्या म्हणाल्या. "गुंडाळणारा दांड्याच्या भलत्या बाजूला बसला असणार. तार सरळ जोडली असती तर ज्योत नुसती डोलली असती. कुणीतरी ते बरोबर ओळखून इथे तार उलटी लावलीय. कोण तो हुशार माणूस?"

भोंगेवाल्याचा डावा हात आपोआप खिशात गेला. तोंड उघडायची सोय नव्हती.

जावईबापूंनी तारेकडे पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं, मग टेबलापलीकडच्या त्या खुर्चीकडे पाहिलं.

"मीच," ते म्हणाले. "घरचं माणूस आहे, सांभाळून घ्यावं लागतं."