नऊ सेकंदांची फाइल

कॉम्प्युटरची मेमरी भरली की आधी काय पुसायचं, या एका प्रश्नावर सरांनी अख्खी हयात घालवली होती. वर्गात ते सोपं करून सांगत, "ज्याला सगळ्यात जास्त दिवस कुणी हात लावला नाही, त्याला आधी नारळ द्यायचा." त्यांच्या स्वतःच्या टेबलावर मात्र दहा वर्षांची रद्दी सुखाने नांदत होती.

डिपार्टमेंटचा सर्व्हर सरांच्याच नियमाने चालायचा. त्याच्या नोंदी तपासताना त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी एका ठिकाणी अडली. नऊ सेकंदांची, नुसत्या आवाजाची एक फाइल सहा वर्षं टिकून होती. रोज सकाळी नऊला कुणीतरी ती उघडत होतं. रविवार आणि सुट्ट्या तेवढ्या सोडून.

ती सरांच्या खोलीत गेली. "सर, फाइल तुमची आहे. पुसली जाऊ नये म्हणून रोज उघडता ना? कशाला एवढा व्याप? मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकते, मग ती कधीच पुसली जाणार नाही."

"ती ओळ मीच शिकवली तुला," सर म्हणाले आणि त्यांनी फाइल लावली.

खोलीत त्यांच्या बायकोचा आवाज आला. त्या जाऊन सहा वर्षं झाली होती.

"अहो, कॉलेजात पोचलात की लगेच कळवत जा. रोज विसरता. इकडे माझा जीव टांगणीला लागतो."

सरांनी फाइल बंद केली.

"आता नाही विसरत," ते म्हणाले.