अकरा लाल गोल

काँप्युटरने पडद्यावर अकरा लाल गोल काढले आणि तेजसचा चेहरा उजळला. हिंजवडीच्या कंपनीने त्याला विश्रांतवाडीच्या रेशीमबीज केंद्रात पाठवलं होतं ते याचसाठी. रेशमाच्या पतंगांमधला रोग आता यंत्राने ओळखायचा होता आणि त्याने तो पहिल्याच दिवशी ओळखला.

"पेब्रिन," तो म्हणाला. "नाइन्टी सिक्स पर्सेंट शुअर."

केंद्रप्रमुख साहेबांचा चेहरा मात्र पडला. पेब्रिन आईकडून अंड्यांत उतरतो, म्हणून नमुन्यात एक कण दिसला तरी अंड्यांची सगळी लॉट जाळायची असा नियम. आणि ही लॉट म्हणजे पुढची सगळी अंडी ज्यातून निघणार ते मूळ बीज होतं, श्यामलाबाईंनी अकरा पिढ्या निरोगी राखलेलं. साहेबांनी शिपाई बापूरावांना रॉकेल आणायला सांगितलं.

"थांबा. मला बघू द्या," श्यामलाबाई म्हणाल्या. अंडी घालून झालेले पतंग वाटायचे आणि त्यांचा थेंब तपासायचा, यासाठी एकोणीस वर्षं त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसत होत्या.

"बाई, यंत्राने बघितलंय."

"त्याचं झालं ना बघून? मग आता मी बघते."

त्यांनी बघितलं. लांबट, चमकणारे कण, अगदी पेब्रिनसारखे. पण त्यांनी डोळा काढला नाही. एका कणाला बारका कण खेटलेला दिसला. मग आणखी एकाला. पेब्रिनचा कण असा कडेवर पोर घेऊन बसत नाही.

"बापूराव, आज पतंग कशात वाटले?"

"आपला मिक्सर काल जळला न्हवं का? घरचा आणलाय. बायकोनं, दुर्गानं घासून दिलाय, चकाचक हाय."

"घरी त्यात काय वाटता?"

"इडलीचं पीठ. दर शनवारी."

बाई उठल्या. भांडं नळाखाली धुतलं, त्यात नुसतं पाणी घातलं, मिक्सर एकदा फिरवला आणि एक थेंब काचेवर घेऊन काच तेजसपुढे ठेवली.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"तपासा तर खरं."

पडद्यावर नऊ लाल गोल आले. "पेब्रिन," तेजसने वाचलं.

"ते पाणी आहे," बाई म्हणाल्या. "साहेब, आता नळ जाळायचा का?"

बाईंनी केसातली पिन काढून भांड्याच्या पात्याखालचा रबरी वॉशर उचकटला. खाली इडलीच्या पिठाचा पांढरट थर होता; पडद्यावरचे कण त्यातल्या यीस्टचे होते. आंबूस वास खोलीभर पसरला आणि बापूरावांनी जीभ चावली.

वीस पतंग त्या मिक्सरमध्ये गेले होते. त्यांची अंडी बाईंनी स्वतःच बाजूला काढली आणि जाळायला दिली. शंकेचं बीज ठेवायचं नाही. उरलेले शंभर पतंग मात्र एकेक करून, उकळलेल्या पाण्याने धुतलेल्या खलात वाटायचे ठरले. खल होते चार. त्यामुळे तेजसने बाह्या सरसावल्या, बापूरावांनी टोपी काढून ठेवली, आणि बारा वर्षांत बत्त्याला हात न लावलेले साहेबही स्टुलावर येऊन बसले.

साडेपाच वाजता शंभरावी काच झाली. प्रत्येक काच आधी बाईंनी बघितली, मग यंत्राने. पडद्यावर एकही लाल गोल आला नाही. साहेबांनी रजिस्टरात 'निरोगी' लिहून सही केली, आणि श्यामलाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी चष्मा काढून उगाचच पदराने पुसला.

"मॅडम, रिपोर्टमध्ये काय लिहू? मशीन चुकलं?" तेजसने हळूच विचारलं.

"नाही हो. त्याला दिसलं ते त्याने सांगितलं. नुसतं पाणीही तपासून बघायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं."

तो हसला. खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसला आणि वहीचं नवं पान उघडलं.

दारात बापूराव मिक्सरचं भांडं छातीशी धरून उभे होते. "बाई, दुर्गाला काय सांगू?"

"सांगा, पीठ झकास आंबलंय," श्यामलाबाई म्हणाल्या. "आणि भांडं इथेच ठेवा, यंत्राला शिकवायला लागेल."