पायानं उघडणारं दार

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमचे दोन्ही हात मनगटापर्यंत बेसनात भरलेत आणि नेमकं तेव्हाच दार वाजतं. काय कराल? उद्धवनं ओट्याखालच्या पट्टीवर डावा पाय दाबला, एवढंच. पट्टीला बांधलेली सायकलच्या ब्रेकची तार ताणली गेली, पुढच्या दाराची आतली कडी सरकली आणि दार आपोआप उघडलं.

"अगं बाई! दार उघडलं, पर मानूस दिसंना!" बाहेरून आवाज आला.

पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले होते.

"मावशी, तुमी व्हा म्होरं. मी हात धुऊन येतो."

"धू बाबा नीट," त्याची मावशी निर्मलाबाई उठत म्हणाल्या. "हळद लागायच्या आधी बेसनच लावून बसलाय."

कनेरगाव नाक्यावर उद्धवचं मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान होतं. पस्तिशी उलटली होती. सरकारी नोकरी नाही, शेत नाही, म्हणून आलेलं प्रत्येक स्थळ परत गेलं होतं. मग कुरुंद्याला हळद दळायच्या चक्कीची मोटार दुरुस्त करताना त्याला कालिंदी भेटली. तिचा होकार होता. पण तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, "घर बघायला शालूबाई येतील. त्यांच्या मनाला आलं न्हाई, तर माझंही न्हाईच समजा."

त्या शालूबाई आता त्याच्या खुर्चीत बसल्या होत्या. सोबत त्यांची नात होती, जाई. दोन वेण्या, धिटुकले डोळे.

"आमची कालिंदी लई गुणाची हाय," कुणी विचारायच्या आधीच शालूबाईंनी सुरुवात केली. "तिला इचारल्याबिगर बचतगटातल्या बाया चक्की चालू करत न्हाईत. ब्यांकेत सायबाम्होरं बराबर बोलती. असली लेक देऊन राहिले मी. तवा घर निरखूनच देईन."

"निरखा की," निर्मलाबाई म्हणाल्या. "लपवायसारखं काहीच न्हाई. जे हाय ते समदं भिंतीला टांगलंय ह्यानं."

शालूबाई बसूनच राहिल्या. उठली ती जाई. ती पुढं आणि उद्धव मागं, परीक्षेला आलेल्या पोरासारखा.

"ही घंटी कशाची?"

"टाकी भरली की वाजती. आत रिकामी बाटली तरंगती हाय. पाणी चढलं की बाटली चढती, दोरी ढिली पडती, घंटी हालती."

"आन् न्हाई वाजली तर?"

"तर मावशी वराडती."

"तीच पक्की घंटी हाय!" बाहेरच्या खोलीतून निर्मलाबाई म्हणाल्या.

जाईनं कोपऱ्यातली दुसरी दोरी ओढली. ओल्या कपड्यांची अख्खी चौकट कप्पीवरून छतापर्यंत गेली. ती खळखळून हसली. मग काहीतरी आठवल्यासारखं तिनं हसू आवरलं.

"आन् हे?" माजघराच्या दाराशी ती थांबली. "समदी बटणं वर. ह्ये एकच खाली काहून?"

उद्धवचे कान तापले. "ते... तसंच बसलं."

"तसंच कसं बसंल?" निर्मलाबाई आत डोकावल्या. "भिंत फोडून बसवलंय परवा. मी म्हनलं, मी म्हातारी झाले तरी एवढी वाकनार न्हाई."

जाईनं हात लांबवला. टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. दिवा लागला. तिनं तो बंद केला, पुन्हा लावला, आणि आजीशेजारी जाऊन बसली.

"तुमी रागावता का हो?" तिनं एकदम विचारलं.

उद्धवनं खरं ते सांगितलं. "मोटार जळून आली की रागावतो."

"कोनावर?"

"जाळणाऱ्यावर. पर त्याला काय म्हनत न्हाई. मोटारीशीच बोलत बसतो."

"येडाच हाय जरा," निर्मलाबाई घाईघाईनं म्हणाल्या. त्यांना वाटलं, हेही स्थळ गेलं.

चहा झाला. भजी झाली. शेवटी उद्धवलाच राहवेना.

"शालूबाई, काय ते सांगून टाका. माझ्याकडं जमीन न्हाई, ते तुमाला ठावं हाय. हे घर मातर माझ्या हातानं केलंय. एक बी गोष्ट इकत आणलेली न्हाई."

"दिसतंय बाबा. मला अभिमान वाटंल असं घर हाय." शालूबाईंनी पदरानं डोळ्यांच्या कडा टिपल्या. "पर आज मी ठरवनार न्हाई. हिला इचार."

"लेकराला?" निर्मलाबाईंनी डोळे मोठे केले.

"हिलाच."

उघडलेल्या मोटारीसमोर बसावं तसा उद्धव जाईसमोर जमिनीवर बसला. "सांग बाई. काय कमी हाय?"

जाईनं आजीच्या पिशवीत हात घालून फडक्यात गुंडाळलेली एक चौकट बाहेर काढली.

"एक खिळा मारून द्या."

"कुठं?"

"हिथं. दारातून आल्या आल्या दिसंल असा."

उद्धवनं हातोडी आणली. तिनं बोट ठेवलं तिथं खिळा ठोकला, ओढून पाहिला, आणि स्टूल पुढं करून घट्ट धरून ठेवलं.

जाई वर चढली. फडकं सोडून तिनं चौकट टांगली. डावीकडून जरा उचलून सरळ केली, फ्रॉकच्या टोकानं काच पुसली. मग तिनं फोटोला हात जोडले.

"बाबा, आईचं लगीन ठरलं. तुमच्या आईनंच घर बघितलं."