बाहुलीतला भुंगेरा

लाकडी बाहुलीखाली पुन्हा भुकटी सांडलेली पाहून मृदुलाचं डोकं फिरलं. वाळवी समजून दोनदा फवारणी केली होती, तरी रोजचं पुसणं सुटलं नव्हतं. आज फडक्यावर तिळाएवढा तपकिरी किडा दिसला, तसा तिने त्याचा फोटो कीटकशास्त्र शिकवणाऱ्या बहिणीला पाठवला.

“भुंगेरा आहे हा,” बहिणीने फोनच्या स्पीकरवर सांगितलं. “याच्या अळ्या आतच राहून लाकूड खातात. वरून फवारून काय होणार? बाहुली पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेव, गारठून मरतील त्या.”

“नाही ठेवायची!” सासूबाईंनी बाहुली उराशी धरली.

“अहो आई, लाकूड आहे ते! मी जन्मभर भुसा पुसत बसू का?”

“आमच्या कुंदाची आहे गं. पाच वर्षांची होऊन गेली. तापात सारखी म्हणायची, आई, थंडी वाजतेय.”

नवऱ्याला बहीण होती, हे मृदुलाला आजच कळत होतं. ती आपली लोकरीची शाल घेऊन आली. सासूबाईंनी बाहुली शालीत गुंडाळली, वर पिशवी बांधली आणि स्वतः फ्रीझरमध्ये ठेवली.

नंतर कितीतरी दिवस मृदुलाने फ्रीज उघडला की त्या विचारत, “शाल नीट आहे ना गं?”

“आहे, आई,” मृदुला दर वेळी डोकावून सांगे.