चौथी बाजू

सुतळी धुऱ्यावर पडली आणि इंद्रभाननं ट्रॅक्टर जागच्या जागी बंद केला.

धुरा म्हणजे शाळेचं मैदान आणि त्याचं वावर यांच्यामधला मातीचा बांध. आसेगावच्या बाजूला धुऱ्यावर कोणी दोरी टाकली की तिचा अर्थ एकच, मोजणी आली. मग माणूस भरल्या ताटावरून हात न धुता उठतो. इंद्रभान तर चालू नांगरटीतून उठला होता. ढेकळं तुडवत तो आला आणि सुतळीवर पाय देऊन उभा राहिला.

सुतळीच्या एका टोकाला पौर्णिमा होती, दुसऱ्या टोकाला त्याचीच पोरगी, मंजू. पाचवीचा अख्खा वर्ग उन्हात उभा, आणि मधे सुकेशनी मॅडम.

"कोणं लावून दिलं तुमाले?" त्यानं मॅडमना विचारलं.

कोणी नाही, मॅडम म्हणाल्या. परिमितीचा धडा चालू आहे. आकृतीच्या सगळ्या बाजू मोजायच्या आणि बेरीज करायची. फळ्यावर लेकरांच्या डोक्यात शिरत नव्हतं, म्हणून मीटरमीटरवर गाठी मारलेली सुतळी घेऊन बाहेर आलो. खरंच तेवढंच होतं. पण पौर्णिमाला मधे बोलायची भारी हौस. मैदानाले कुंपण केलं तर तार किती लागेल ते काढून राह्यलो, असं तिनं पुस्तकातलं गणित सांगून टाकलं.

तार हा शब्द ऐकला आणि इंद्रभानचं टाळकं सटकलं. तो शाळा समितीचा अध्यक्ष. त्याला विचारल्याशिवाय शाळेच्या खिचडीत मीठ पडत नाही. मॅडमची बदली कोणत्या गावी करायची ते त्यानं गावाच्या नावासकट सांगितलं. लेकरांना उन्हात तळता म्हणाला, फुकटचा पगार खाता म्हणाला. बाईमाणूस म्हणून ऐकून घेतो म्हणाला आणि ऐकून तर काहीच घेतलं नाही. शेवटी छातीवर हात मारला.

"धुरा म्या कोरला नाई. माह्या बापाच्या टायमापासून इथंच हाय."

आता काय म्हणावं या माणसाला? धुऱ्याचं नाव तोवर कोणी काढलंच नव्हतं.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. खो-खोचा खांब पूर्वी चांगला आत होता, तो धुऱ्याला कसा चिकटला हे त्यांना आत्ता उमगलं. खांबाला वळसा घातला की पोरींचे पाय वावरात पडायचे आणि हाच माणूस पीक तुडवलं म्हणून त्यांच्या आईबापाचा उद्धार करायचा. दरसाल नांगरताना फाळ जरा मैदानाकडे घ्यायचा, की झालं. एका सालात कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

मागून कोणीतरी हळूच "वावरचोर" म्हणालं. मंजूनं मान वळवली नाही, पण तिचे कान लाल झाले.

तिला आधीच कळलं होतं. धुऱ्याकडची सोडून तीन बाजू तिनंच मोजल्या होत्या. नाल्याकडची बाजू समोरच्या, शाळेकडच्या बाजूपेक्षा कमी भरली, म्हणून तिनं ती पुन्हा मोजली. पुन्हा कमीच. मॅडम म्हणाल्या होत्या, गाठ सरकली असेल.

आता मॅडमनाही समजलं आणि त्या घाबरल्या. चांगल्याच घाबरल्या. घरी लहान लेकरू, सकाळच्या बसनं पोचता येईल अशी शाळा, ती कोण सोडेल? त्या मुलांकडे वळल्या आणि घाईघाईनं म्हणाल्या की मैदान आयत आहे, आयताच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात, तेव्हा दोन बाजू मोजून दुप्पट केली तरी चालतं. चौथी मोजायची गरज नाही. सुतळी गुंडाळा.

इंद्रभानला हे गणित फार आवडलं. वर्गात असतानाही त्याला कुठलं गणित इतकं आवडलं नसेल.

"आयकलं का, मंजे? दोन मोज अन् दुप्पट कर. सोड ते सुतळी."

पौर्णिमानं आपलं टोक टाकून दिलं. मंजूनं टाकलं नाही. बापाचा हात तिला माहीत होता. संध्याकाळी घरी काय होणार तेही माहीत होतं. मॅडम तिला डोळ्यांनी खुणावत होत्या, सोड बाई, सोड. मंजूला त्या घडीला बापापेक्षा मॅडमचाच जास्त राग आला.

"सोड म्हणलं ना," इंद्रभान म्हणाला आणि एक पाऊल पुढं आला. दुसरा पाय सुतळीवरच होता.

मंजूच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते तिनं खांद्याला पुसलं.

"दुप्पट आयताची करतात, बाबा. हे मैदान आयत राह्यलं नाई."

मॅडम खाली मातीकडे बघत राहिल्या. मंजूनं सुतळी मनगटाला गुंडाळली आणि ओढली. ती बापाच्या पायाखाली अडली.

"पाय काढ," ती म्हणाली. "चौथी बाजू राह्यली."