आयव्ही कुठं आहे?

रॉयस पिटर्डनं हातातला कागद टेबलावर आपटला. मक्याच्या भज्यांची टोपली हलली.

"हे तुम्हीच लिहिलंय ना, जजबाई?"

थीआ ब्लँकेनशिपनं चष्मा लावून कागद पाहिला. विरोधकांचा प्रचाराचा कागद. वर तिचा फोटो, खाली जाड अक्षरं: 'आईच्या कुशीतून लेकरू ओढणारी.' आणि त्याखाली तिच्याच एका जुन्या निकालातलं वाक्य: 'आयव्हीला आईकडे परत पाठवता येणार नाही.'

"वाक्य माझंच आहे," ती म्हणाली.

अग्निशमन दलाच्या मदतनिधीसाठी त्यांच्याच ठाण्यात जेवण होतं. बंब बाहेर काढून त्यांच्या जागी लांब टेबलं मांडली होती. मंगळवारी मतदान होतं. थीआ राज्याच्या अपील कोर्टात न्यायाधीश होती, आणि नॉर्थ कॅरोलायनात ही खुर्ची लोकांच्या मतांवर टिकते. गेल्या वेळी याच जिल्ह्यानं तिला तारलं होतं. यंदा तिनं हात पसरल्यावर लोक आपले हात खिशात घालत होते.

"पोटभर जेवून घ्या," रॉयस म्हणाला. "बुधवारपासून घरी बसून स्वतःच रांधायचंय."

लोक हसले. रॉयसचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. त्याच्या गल्ल्यापाशी जे बोललं जाई, तेच आठवड्याभरात साऱ्या जिल्ह्याचं मत होई. माणूस वाईट नव्हता. त्याच्या बहिणीचा मुलगा असाच लहानपणी सरकारनं नेला होता. पुढं त्याचा पत्ता लागला नाही. बहीण त्याची वाट बघत गेली.

तो रिकामं ताट घेऊन वाढपाच्या टेबलाकडं वळला. तिथं बंबवाल्यांचा प्रमुख कॉय मांस वाढत होता आणि शेजारी त्याची लेक मॅसी कोबीची कोशिंबीर. मॅसीचे केस लालभडक होते. घरात दुसऱ्या कुणाचेच तसे नव्हते. बंबावर शोभावी म्हणून देवानंच रंगवून पाठवली, असं रॉयस तिला लहानपणापासून चिडवत आला होता.

"वाढ गं पोरी. जजबाईंना डोंगराएवढा कोबी वाढलास, आणि मला चिमूटभर?"

मॅसीचा डाव भांड्यातच थांबला. एरवी ती त्याला उलटं उत्तर दिल्याशिवाय सोडत नसे.

थीआचा नवरा डेल तिच्या कानाशी वाकला. "त्या आईनं काय केलं होतं, तेवढं एक वाक्य सांग. हीच माणसं तुला डोक्यावर घेतील."

"ते सांगितलं, तर ती जिथली, त्या डोंगरातला कुणीही पोरीला ओळखेल," थीआ हळू आवाजात म्हणाली. "जे झालं ते तिच्या अंगावरचं आहे, डेल. माझ्या प्रचाराचं नाही."

मग ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "आयव्ही हे त्या मुलीचं नाव नाही. अशा निकालांत लेकरांची खरी नावं लिहीत नाहीत. ते नाव मी ठेवलेलं आहे."

"म्हणजे आई घेतलीत, वर नावही घेतलंत," रॉयस म्हणाला. मागून कुणीतरी टाळी वाजवली.

"तिला कधी बघितलंत तरी का?" त्यानं विचारलं.

"नाही. अपिलात आमच्यापुढं माणसं येत नाहीत. कागद येतात."

"कागद!" रॉयस लोकांकडं वळला. "ऐकलंत? कागद वाचून लेकराची आई तोडली."

"दोन वेळा वाचले," थीआ म्हणाली. "तिसऱ्यांदा वाचायचा धीर झाला नाही."

कॉयनं हातातला चिमटा खाली ठेवला.

"होतं काय त्या कागदांत? सांगा की," रॉयसचा आवाज थोडा खाली आला होता. "आम्हाला पटलं तर मंगळवारी मी स्वतः गाडीत घालून माणसं आणतो तुमच्यासाठी."

डेल तिच्याकडं बघत होता. सगळेच बघत होते. खुर्ची तिथंच, एका वाक्याच्या अंतरावर होती.

"नाही," थीआ म्हणाली. "मत द्यायचं नसेल तर देऊ नका, मिस्टर पिटर्ड. तुमचा तो हक्क आहे. पण त्या मुलीची गोष्ट विकून मी निवडून येणार नाही."

"मग एवढंच सांगा." रॉयसचं तोंड थीआकडं होतं आणि ताट मागं, मॅसीपुढं धरलेलं. आता तो टोमणा मारत नव्हता. "तुम्ही लोक लेकरं नेता, आणि पुढं ती कुठं जातात ते कुणालाच कळत नाही. ती पोर आज कुठं आहे? आहे तरी का?"

"मला माहीत नाही," थीआ म्हणाली. "आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं."

कॉयनं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो अलगद काढला. डाव भरला आणि रॉयसच्या ताटात काठोकाठ ओतला.

"रॉयसकाका," मॅसी म्हणाली, "आयव्ही तुम्हाला कोबी वाढतेय."