कव्हर वाढवायचंय

"तो गालिचा कुठे गेला?" मुलीने दारातच विचारलं.

"कुठला गं?" आई साळसूदपणे म्हणाली.

"गेल्या महिन्यात इथे होता तो, निळा. त्याच्या आधी तो उंच दिवा होता. आणि रेडिओ!"

"घर आहे हे, संग्रहालय नाही. वस्तू येतात, जातात. आत ये आधी, विमावाले येतील एवढ्यात."

मुलगी दातांची डॉक्टर होती. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून कीड शोधायची सवय तिला घरीही सोडत नसे. ती खुर्चीत बसली आणि खोलीभर नजर फिरवू लागली.

आईचं विम्याचं वेड तसं समजण्यासारखं होतं. वडील होते तेव्हा वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून पुढची खोली पाण्यात गेली होती. घरातल्या सामानाचा विमा होता, पण तो लग्नाच्या वेळच्या सामानाचा. नंतर घेतलेलं काहीच कुणी कळवलं नव्हतं. जेमतेम अर्धं पदरात पडलं. तेव्हा आईने कानाला खडा लावला. नवी वस्तू आली की आधी विमा कंपनीला फोन करायचा, "कव्हर वाढवायचंय!" वडील गेल्यावरही हा नेम चुकला नाही, उलट जोमाने वाढला.

फोन गेला की कंपनीचे तपासनीस हजर, दर वेळी तेच एक गृहस्थ. आई त्यांना विमावाले म्हणायची. ते वस्तू उलटीपालटी करून बघायचे, खालचा नंबर वाचायचे, चालू करायचे, बंद करायचे, फोटो काढायचे. एका दिव्याला कितीसा वेळ लागावा? त्यांना अख्खी दुपार पुरायची नाही. मध्ये कॉफी, मग आईचे भूगोलाच्या वर्गातले किस्से, मग पुन्हा कॉफी.

आज टेबलावर नवाकोरा पंखा होता. दुकानाची चिठ्ठीही अजून लटकत होती. मुलीने चिठ्ठी ओढून काढली आणि दाराआडचं रिकामं खोकं फाडायला घेतलं.

"हात लावू नकोस त्याला!" आई ओरडली. "खोकं लागतं."

"विम्याला खोकं?"

"दात सोडून तुला कशातलं काय कळतं?" असं म्हणून आईने चिठ्ठी पुन्हा पंख्याला बांधली आणि ती स्वयंपाकघरात गेली.

मुलीच्या मनात पाल चुकचुकली. तिने बाल्कनीत जाऊन विमा कंपनीला फोन लावला आणि आईकडे येणाऱ्या तपासनिसांची चौकशी केली.

"ते साहेब?" पलीकडून कंपनीची कर्मचारी म्हणाली. "ते दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले. तुमच्या आईंची पॉलिसी चालू आहे, पण तेव्हापासून नवी वस्तू एकही चढलेली नाही."

मुलीने फोन बंद केला. म्हणजे हा माणूस खोटं सांगून घरात शिरतो, कॉफी पितो, फोटो काढतो, आणि पुढच्या वेळेपर्यंत वस्तू गायब! आणि आई इथे एकटी. तिला संताप आला, मग स्वतःची लाज वाटली. आपण महिन्याकाठी एकदा येतो, तेही घड्याळाकडे बघत.

बेल वाजली. दार तिनेच उघडलं. समोर कडक इस्त्रीचा शर्ट आणि हातात जुनी चामड्याची बॅग.

"तुम्ही निवृत्त झाला आहात," ती दबक्या आवाजात म्हणाली.

विमावाल्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "हळू बोला, ताई. बाईंना सांगू नका."

"गालिचा कुठे आहे? दिवा कुठे आहे?"

"शपथ घेतो, सुईसुद्धा नेलेली नाही. वस्तू दिसेनाशा होतात हे माझ्याही लक्षात आलंय. मला वाटायचं, बाई तुम्हाला देऊन टाकतात. म्हणून तर ऑफिसात कळवत नाही. नसलेल्या वस्तूचा हप्ता त्यांनी का भरायचा?"

"मग येता कशाला?"

त्यांनी बॅगेचा पट्टा उगाच घट्ट केला. "निवृत्त झालो आणि लगेच बाईंचा फोन आला, थेट माझ्या मोबाइलवर. टोस्टर घेतला होता. आता सांगू, मग सांगू म्हणता म्हणता राहूनच गेलं. घरी मी एकटा असतो, ताई. महिनाभर या एका फोनची वाट बघतो. त्यांना खरं कळलं तर मला यायला निमित्त काय उरेल?"

बोलता बोलता ते कानापर्यंत लाल झाले. रोज दोनदा दात घासतो म्हणून छातीठोकपणे खोटं बोलणारे मुलीने शेकड्याने पाहिले होते. हा माणूस त्यातला नव्हता. तिला एकदम भरून आलं.

"या आत," ती म्हणाली. "मी काही बोलणार नाही. पण बॅग उघडी ठेवा हं."

ते हसले. मग पंख्याची तपासणी सुरू झाली. तो हळू फिरला, जोरात फिरला, मान डावीउजवीकडे वळवून फिरला. आई बाहेर आली आणि एवढी खळखळून हसली की मुलगी बघतच राहिली. वडील गेल्यापासून हे हसू तिने ऐकलं नव्हतं. वस्तू जाईनात का खड्ड्यात, तिने ठरवलं, या माणसाचं गुपित आपण पोटात ठेवायचं.

दुसऱ्या कॉफीच्या वेळी ती आईला मदत करायला आत गेली. आईने हळूच दार लोटलं.

"मघाशी दारात काय कुजबुज चालली होती? त्यांना काही बोलली नाहीस ना?"

"छे गं. काय बोलणार?"

"नाही, बिचारे दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेत. मला ठाऊक आहे हे त्यांना कळता कामा नये, नाहीतर लाजून यायचंच बंद करतील." आईने बशीत बिस्किटं रचली आणि पदराने हात पुसले. "आणि हे बघ, ते गेले की तो पंखा खोक्यात घाल आणि जाता जाता दुकानात परत देऊन टाक. उद्या मुदत संपतेय."